समुद्राकडे पाठ केलेले बाक

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. किनाऱ्यावरचा फिरायचा रस्ता नव्याने करायचं काम माझ्याकडे आहे. मी मोठ्या हौसेने सगळे बाक समुद्राकडे तोंड करून बसवले, तर म्हातारी मंडळी फिरकेचनात. शेवटी जाळी विणणाऱ्या एक आजी फणकारल्या, "समुद्र काय, जन्मभर पाहिला! आम्हाला बसमधून कोण उतरतंय ते बघायचं असतं."

काल सगळे बाक बसथांब्याकडे फिरवले. संध्याकाळी एकही रिकामा नव्हता. मीही जरा टेकलो. बस आली, माणसं उतरली. माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं.

गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

आणि आई, तुझी खुर्ची अजून दाराकडेच तोंड करून असते का गं?

तुझा,
धाकटा