मुलीसाठी तीन कोटेशनं

अर्दिया, कुवेत (ऑफिसातून)
सोमवार, दुपार

ती. ताई,

नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण परवापासून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच स्वीकार.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची साखर? त्यांना सांग, लपवून खाल्लेला पेढासुद्धा रक्तात दिसतो. हे मी नाही, रेखा म्हणते, आणि वीस वर्षं हॉस्पिटलात नर्स असलेल्या बायकोशी वाद घालून मी अजून एकदाही जिंकलेलो नाही. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते म्हणून लिहितो. प्रत्यक्षात तुझी भाची उल्का शुक्रवारपासून माझ्याशी बोललेली नाही. मीठ हवं असलं तरी आईला सांगते, आणि मिठाची बरणी माझ्या पुढ्यात असते.

पत्र कागदावर का, असं विचारशील. माझ्या फोनचं सगळं उल्काच बघते, तेव्हा त्यावरून तुला काही कळवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आमच्या ऑफिसातला शत्रुघ्न आज रात्री सुट्टीवर निघालाय. तो साताऱ्याचा, उद्या संध्याकाळपर्यंत कराडला येऊन हे तुझ्या हातात देईल. त्याला चहा दे, पण काही विचारू नकोस. बोलायला लागला की थांबत नाही.

तर आता मूळ दुखणं. रेखाच्या नर्सिंगच्या जोरावर आम्हाला कॅनडात कायम राहायची परवानगी मिळाली, हे तुला ठाऊक आहेच. उल्काला डॉक्टर व्हायचंय, हेही ठाऊक आहे. पण तिथे बारावी झाली की उचलून मेडिकलला घालत नाहीत. आधी चार वर्षं दुसऱ्या कॉलेजात पदवी घ्यायची, मग मेडिकलला अर्ज करायचा, आणि मग त्यांची मर्जी. (म्हणजे जेवणाआधी चार वर्षं हात धुवायचे, आणि तरी पान मांडतीलच असं नाही.) आता हे हात कुठल्या नळाखाली धुवायचे, यावरून आमच्या हवल्लीतल्या दोन खोल्यांत युद्ध पेटलंय. येत्या गुरुवारपर्यंत कॉलेजला होकार कळवून अनामत भरायची आहे. आज सोमवार. मला तीन रात्री झोप नाही.

तुझा भाऊ बावीस वर्षं परचेस खात्यात आहे. (नाव हरिश्चंद्र आणि काम खरेदीचं, म्हणून नवे सप्लायर पहिल्या भेटीत हसतात. दुसऱ्या भेटीपासून हसत नाहीत.) आमच्या खात्याचा नियम असा की झाडू घ्यायचा असला तरी तीन कोटेशनं मागवायची, शेजारी शेजारी मांडायची, आणि माल सारखा असेल तर सगळ्यात स्वस्तवाल्याला, ज्याला आम्ही एल-वन म्हणतो, ऑर्डर द्यायची. घरातही मी हाच शिरस्ता ठेवला. उल्काने तीन कॉलेजांत अर्ज केले. एकाने नकार कळवला. आमच्या धंद्यात त्याला ‘रिग्रेट’ म्हणतात, आणि त्यांनीही पत्रात नेमका तोच शब्द घातला होता, त्यामुळे दुःखातही जरा घरच्यासारखं वाटलं. उरली दोन. एक मोठ्या शहरातलं, जुन्या दगडी इमारतीचं, ज्याचं नाव छापलेले टी-शर्ट इथली पोरं उगाचच घालून हिंडतात. दुसरं कुठल्याशा लहान गावातलं. फी जवळजवळ निम्मी, हॉस्टेल स्वस्त, आणि नाव असं की कॅनडात राहून आलेल्या आमच्या मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, विचारलं तर तो म्हणाला, हे दुकान आहे का?

आता तुला वाटेल, हरी स्वस्ताच्या मागे लागला असेल आणि पोरगी महागाच्या. उलटं आहे, ताई! पोरगी म्हणते स्वस्तातलंच घेऊ, आणि आयुष्यभर स्वस्त घेत आलेला मी म्हणतो, दगडी इमारत! तिचं म्हणणं, ‘बाबा, मेडिकलवाले मार्क्स बघतात, बिल्डिंग नाही. आय डोन्ट वॉन्ट यू ब्रोक बिफोर द रिअल थिंग स्टार्ट्स.’ (खरा खर्च सुरू व्हायच्या आतच माझी झोळी रिकामी होऊ नये, असा भावार्थ.) तिला मी खैरानचा पंप सांगितला. आमच्या मालकांचं खैरानला समुद्रावर सुट्टीचं घर आहे, तिथे मी एकदा एल-वनचा पाण्याचा पंप घेऊन बसवला. ऐन ईदला सगळं खानदान तिथे जमलेलं आणि पंपाने मान टाकली. मालकांच्या आईने समुद्राच्या पाण्याने हात धुतले. त्या दिवशी मला जे ऐकून घ्यावं लागलं त्याचा निम्मा भाग अरबीत होता म्हणून बचावलो. तर मी उल्काला म्हणालो, स्वस्तात काय होतं ते मला विचार. यावर रेखा एवढंच म्हणाली, ‘पंप आणि पोरगी एका कागदावर मांडू नका.’

इथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण माझ्या डोक्यात आलं की महागवाल्याने जरा खाली यावं, म्हणजे पोरीचंही समाधान आणि माझंही. इथे कुठल्याही दुकानात ‘आखिर कलाम?’ म्हणजे शेवटचा भाव काय, असं विचारल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही. म्हणून गुरुवारी ऑफिसातून, कंपनीच्याच पत्त्यावरून, त्या दगडी कॉलेजला आमचं नेहमीचं पत्र पाठवलं. त्यांच्या वेबसाइटवर प्रवेशाचाही पत्ता होता आणि खरेदी खात्याचाही. मी खरेदीला पाठवलं. म्हटलं, आपल्या जातीचा माणूस असेल, समजून घेईल. मजकूर तोच: तुमचा दर स्पर्धकापेक्षा फार जास्त आहे, अंतिम दर, मुदत आणि गॅरंटी त्वरित कळवावी, अन्यथा ऑर्डर दुसरीकडे दिली जाईल. खाली उल्काचं नाव आणि अर्जाचा नंबर.

शुक्रवारी जेवताना हे मी अभिमानाने सांगितलं. उल्का पानावरून उठली. रडली नाही, ताई. रडली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं. दार लावताना म्हणाली, ‘दे विल कॅन्सल मी.’ तेव्हापासून मी दर दहा मिनिटांनी मेल उघडतोय. उत्तर नाही. तिची जागा गेली असेल तर? तिने दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केलाय, आणि बापाने भाजीची घासाघीस करावी तशी तिच्या प्रवेशाची केली. मला किती धास्ती बसली आहे, हे मी कोणालाच, अगदी रेखालाही, सांगितलेलं नाही. भीती वाटते गं.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार आणि पेढ्याचा निरोप.

तुझा,
हरी

ता. क. खरं काम हे आहे. जागा शाबूत असेलच असं धरून उद्या रात्रीच उल्काला फोन कर आणि दगडी इमारतच घे म्हणून समजाव. ती तुझं ऐकते. माझं नाव काढू नकोस.

ता. क. २. (हवल्ली, संध्याकाळ. शत्रुघ्न खाली गाडीत हॉर्न वाजवतोय.) उत्तर आलं! दगडी कॉलेजच्या खरेदी खात्याने कळवलंय की आपल्या कंपनीच्या स्वारस्याबद्दल आभार, सप्लायर म्हणून नोंदणी करण्यासाठी सोबतचा फॉर्म भरावा. प्रवेशवाल्यांना माझं पत्र दिसलेलंच नाही. जागा जिथल्या तिथे आहे. उल्काने तो मेल वाचला आणि जमिनीवर बसून हसली. मग माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, बाबा, माल सारखा असेल तर ऑर्डर कोणाला? मग म्हणाली, आत्याने तुला सरकारी पॉलिटेक्निकात का घातलं होतं? सायकलने जाता यायचं आणि फी कमी होती म्हणूनच ना? माझ्या हट्टाचं खरं कारण असं की बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे वाचवले, एकदा तरी आपल्या माणसावर उधळावेत असं वाटलं होतं. तेही तिला सांगून टाकलं. म्हणाली, मेडिकलला उधळ.

अनामत भरली. स्वस्तवाल्यालाच. बटण मी दाबलं.

ता. क. ३. खैरानचा तो पंप काही बिघडलेला नव्हता, जाळीत वाळू अडकली होती. मी तो अर्दियाच्या गोदामात आणून बसवला, तो सहा वर्षं पाणी चढवतोय. हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. ४. तेव्हा उल्काला फोन करू नकोस. कॉलेज कुठलं, याच भांडणात मी इतका गुंतलो होतो की पोरगी जाणार आहे, हे मला आज पैसे भरल्यावर कळलं. फोन मलाच कर. गुरुवारी संध्याकाळी कर. रेखाची ड्यूटी असते, उल्का मैत्रिणींकडे असते. घरात मी एकटाच असतो.