रविवारची हवा

प्रिय भिंगरी,

फोनच करणार होते. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू "बरं, आई" म्हणून गप्प बसतेस. कागदावर निदान मी नाक मुरडलेलं तुला दिसत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

त्या रविवारी निघताना हेल्मेटचा पट्टा लावता लावता तू विचारलंस, घरी हवा भरायचा एखादा पंप घ्यावा म्हणते, हाताचा घेऊ, पायाचा घेऊ की चार्जिंगचा? आणि वर म्हणालीस, सासूबाईंचं मत चार्जिंगचा घ्यावा असं आहे, आकडा लावला की तो आपोआप थांबतो. मी म्हटलं, मग त्यांनाच विचार की, मला कशाला विचारतेस? आणि दार लावून घेतलं. तू पायरीवर थोडा वेळ उभी होतीस, ते मी खिडकीतून पाहिलं. उघडलं मात्र नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

का होणार नाही गं? सगळी नोकरी मी बसच्या डेपोत टायर विभागात काढली. इतक्या पुरुषांत मी एकटी. हातोडी टायरवर आपटली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, हवा कमी आहे की बरोबर. आणि माझ्या पोटच्या पोरीनं हवेच्या बाबतीत मत घ्यावं विहीणबाईंचं! ज्यांनी उभ्या जन्मात सायकलच्या चाकालासुद्धा पंप लावला नसेल!

आता बोलतेच आहे तर सगळंच बोलते. तू त्यांना 'आई' म्हणतेस ते मला आवडत नाही. मध्ये माझ्याकडे टॉवेलची घडी तू त्यांच्यासारखी घातलीस, लांबट. तू गेल्यावर मी ती मोडून चौकोनी घातली. तुझा घसा बसला की कळतं त्यांना आधी, बढती मिळाली की पेढ्याचा पहिला तुकडा त्यांच्या तोंडात. त्यांना मुलगी हवी होती आणि झाले दोन्ही मुलगे. मग माझी मिळाली, वाढवलेली, शिकवलेली, गाडी चालवणारी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माझ्या पोटात दुखतं, आणि त्यावर औषध नाही.

माझ्या वाट्याला काय उरलं होतं? रविवारची हवा. तू गाडी पायरीशी लावायचीस, मी पायपंप दाबायचे, तू नळी धरून बसायचीस. मग बोट थुंकीनं ओलं करून व्हॉल्व्हवर ठेवायचं, बुडबुडा आला तर गळतंय, नाही आला तर टोपी लाव. तोंडासमोर बसलो की आपण दोघी भांडतो. चाकाकडे बघत असलो की मात्र तू सगळं सांगतेस. ती पहिली नोकरी सोडायचं तू मला पुढचं चाक भरतानाच सांगितलं होतंस. घरी पंप आला की तू इकडे कशाला येशील? मला एवढंच दिसत होतं.

पुढचे दोन्ही रविवार तू आली नाहीस. बाहेरच हवा भरून घेतली, असं कळवलंस. मग मी सरळ गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. खरं सांगते, त्या चार्जिंगच्या पंपाची खोड काढायलाच गेले होते.

दुकानदारानं तिन्ही प्रकार समोर मांडले. हातपंप मी बाजूलाच सारला, मोटारसायकलचं चाक भरेपर्यंत कंबर धरते. पायपंप एका नळकांड्याचा होता, तो थोड्याच दिवसांत वाकडा चालायला लागतो. घ्यायचा तर दोन नळकांड्यांचा. चार्जिंगचा मुठीएवढा, पण ओरडतो केवढा! आणि चार्ज करायला विसरलं की शोभेची वस्तू. मी दुकानदाराला म्हटलं, याचा आकडा खरा कशावरून? माझ्या पिशवीतला हवा मोजायचा गेज काढून लावला. दोन पौंड जास्त दाखवत होता मेला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बरं झालं बाई, तुम्हीच भेटलात." बघते तर विहीणबाई. चष्मा कपाळावर, चेहरा भांबावलेला. म्हणाल्या, मला यातलं काही कळत नाही, तुम्ही म्हणाल तो घेऊ. मी गुर्मीतच विचारलं, तुम्हाला एवढी घाई का पंपाची? तेव्हा त्यांनी सांगितलं. तू गाडी घेतलीस तेव्हाच त्या पंप आणणार होत्या, पण तू आणू दिला नाहीस. हवा माझ्या आईकडेच भरायची, असं म्हणालीस. आणि महिन्याभरापूर्वी मागचं चाक भरताना मला धाप लागली, मी भिंत धरून उभी राहिले, ते तू पाहिलंस. घरी जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरात रडलीस. आईला आता पंप मारू द्यायचा नाही, पण तसं सांगितलं तर ती चिडेल, म्हणून तिलाच विचारून पंप घेऊ, असं तुमचं दोघींचं ठरलं.

मी धाप लपवली होती गं. मला वाटलं, तुझं लक्ष चाकाकडे आहे.

वाईट वाटलं, भरूनही आलं. आणि तरी खोटं कशाला बोलू, माझ्यासाठी रडलीस तेसुद्धा त्यांच्याजवळ, याचाही हेवा वाटलाच. मग दुकानातून निघताना त्या हळूच म्हणाल्या, तुमची पोर व्हॉल्व्हला थुंकी लावते, मला आधी किळस यायची, आता कुकरच्या शिट्टीलाही मी तसंच बोट लावून बघते. मी हसले. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच हसले असेन.

पंप चार्जिंगचाच घेतला. नळीला आटे असलेला, फिरवून बसवायचा, म्हणजे सुटत नाही. पण त्यांना तो घरी नेऊ दिला नाही. तो माझ्या कपाटात आहे, चार्ज करून ठेवलाय, आणि तिथेच राहणार. पत्र लिहिलं ते हे सांगायला. रविवारी ये. त्यांनाही मागे बसवून आण. दोघी बसलात की मागच्या चाकाला हवा जास्त लागते, तेव्हा येताना हळू चालव. बटण त्यांनी दाबलं तरी चालेल, नळी तू धर. मी पायरीवर बसून राहीन. गेज मात्र मी लावणार, त्याला कुणी हात लावायचा नाही.

तुझीच,
पहिली आई