सहावा सत्कार राहिला

ती. वच्छलाबाईस,

सावलीहून देवाजीचा नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल आणि भाऊजी (नेहमीप्रमाणे) कोणाचं ऐकत नसतील, असं धरून चालतो.

दिव्यानी दहावीत ब्याण्णव टक्के घेऊन शाळेत पहिली आली, हे तुला फोनवर तीनदा सांगितलंच आहे. (कमला म्हणते, सातदा.) पुढचं सांगितलं नाही. मी चौकात तिच्या फोटोचं बॅनर लावलं. पाच सत्कार झाले. प्रत्येक ठिकाणी भाषण करणारा म्हणायचा, आता बारावीत याहून जास्त. मीही मान डोलवायचो. हळूहळू पोरगी जेवेनाशी झाली. कमलानं मीठ-मिरच्या ओवाळल्या, मी टॉनिक आणलं.

मागच्या मंगळवारी सहावा सत्कार. पाहुणे आले, हार आला, पोरगी नाही. मी मोटरसायकलवर (इस्त्रीची पॅन्ट, गळ्यात दुपट्टा) सगळं सावली गाव पालथं घातलं. शेवटी ती सापडली करिश्माच्या शेतातल्या बांधीत, गुडघाभर चिखलात, रोपं खोचत धानाचा रोवणा करताना. करिश्मा तिची बालवाडीपासूनची मैत्रीण, यंदा गणितात नापास झालेली. दोघी हसत होत्या. मला पाहताच हसणं थांबलं. ते मला फार लागलं, बाई.

"सत्काराले काऊन नाई आली?" मी विचारलं.

"बॅनर लागल्यापासून करिश्मा माह्यासंग बोलतच नव्हती, बाबा. आज रोवण्याले आली, तवा कुठं बोलली. तिची माय तिले रोज माहा फोटो दाखवे. अन् बारावीत मले कमी पडले, त तुमी काय म्हणान?"

 मी बूट काढले आणि बांधीत उतरलो. (मी लावलेलं धान करिश्माच्या आईनं उपटून पुन्हा लावलं.) तिकडे हार पाहुण्यांनी एकमेकांनाच घातला म्हणतात.

त्या संध्याकाळी पोरगी दोन भाकरी जेवली. बॅनर आता शेळ्यांच्या कोठ्यावर छप्पर म्हणून आहे. (फोटो आतून, शेळ्यांकडे तोंड करून. हे तिनंच सुचवलं.)

तुझा,
देवाजी

ता. क. रविवारी दोघी मैत्रिणी आलापल्लीला तुझ्याकडे येतील. पुढे काय होणार, हे दोघींनाही विचारू नको.

आणखी एक. मी दहावीत दोनदा नापास झालो होतो, हे बांधीत सांगितलं, पण दिव्यानीला खरं वाटत नाही. आपल्या बाबांच्या भीतीनं तू संदुकीत दडवलेल्या माझ्या गुणपत्रिका तिला दाखव. गणितात अकराचे एकाहत्तर मीच पेनानं केले होते, तेवढं तू तोंडानं सांग. मला अजून जमलं नाही.