त्या प्रगतीला कशाला हव्यात चौकशा

२९ मार्च, रविवार

ही प्रगती माझ्या डोक्यात जाते! बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला येऊन दोन महिने नाही झाले, आणि समोरच्या फ्लॅटमधली ही बाई आज तिसऱ्यांदा दारात. "पाटीवर आडनाव नाही टाकलं? नुसतंच नरेंद्र-वैष्णवी?" म्हटलं, हल्ली तशीच फॅशन आहे. "हो का," म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून हॉलमध्ये डोकावली. बघ, हवं तेवढं बघ. बाबासाहेबांचा फोटो आत बेडरूममध्ये आहे.

नरेंद्रच म्हणाला होता, "जरा ओळखी होऊ दे, मग बाहेर लावू." मी पण नंदीबैलासारखी मान हलवली. उल्हासनगरला बाबांकडे तोच फोटो दारात शिरल्या शिरल्या दिसतो. शेजारची सिंधी आंटी दर चौदा एप्रिलला हक्काने खीर मागून न्यायची. तिथे कोणाला काही सांगायला लागलं नाही कधी.

५ एप्रिल

खालच्या मजल्यावरच्या मीनलने बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं – मंगळवारी १४ ला सुट्टी, माझ्याकडे ब्रंच, अकरा वाजता, प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा. मीनल, अनुया, प्रगती आणि मी. ब्रंच म्हणे! पुरीभाजीच खायची, फक्त उशिरा.

सुट्टी कशाची, ते कोणी लिहिलं नाही. मी पण नाही. अंगठा पाठवून मोकळी झाले.

नरेंद्रला म्हटलं, त्या दिवशी बाबांकडे जायचं असतं. "संध्याकाळी जाऊ ना. तुला इथे मैत्रिणी हव्यात की नकोत?" हव्यात! तेच तर दुखणं आहे. दिवसभर भिंतींशी बोलून वेड लागायची पाळी आलीय.

१३ एप्रिल

ठरलं. पांढरी साडी नेसणार, खीर नेणार. कोणी विचारलं की सांगून टाकणार. बास!

१४ एप्रिल, मंगळवार

नाही सांगितलं.

चप्पल काढते न काढते तोच प्रगती – "पांढरी साडी? आज काही विशेष?" सगळ्यांसमोर! म्हटलं, "उन्हाळा ना. कॉटन बरं पडतं." खीर वाढायला घेतली तर पुन्हा हीच – "खीर आजच का गं केलीस?" "दूध उरलं होतं." दूध उरलं होतं! दोन लिटर मुद्दाम आणलं होतं मी.

तेवढ्यात खाली मिरवणुकीचे ढोल सुरू झाले. अनुयाने तोंड वाकडं केलं. "झालं यांचं सुरू! मीनल, खिडकी लाव गं." मीनलने लावली. माझा घास तोंडातच राहिला. तिकडे बाबा निळा फेटा बांधून गल्लीभर मिरवत असतील, आणि इकडे त्यांची मुलगी "लोणचं मस्त झालंय हं" म्हणतेय. थू माझ्यावर!

प्रगती खाली मान घालून खीर खात होती. दुसरी वाटी. चौकशा पण करा आणि वर खीर पण चापा! निघताना "उरलेली नेऊ का?" म्हणत डबाच उचलला तिने. आता बिल्डिंगभर सांगत फिरेल, मला आधीच संशय होता म्हणून.

१५ एप्रिल

बेल वाजली. भोकातून बघितलं – प्रगती. नाही उघडलं दार. डबा पिशवीत घालून कडीला अडकवून गेली. आत साखर! रिकामा डबा देऊ नये म्हणून. गोड बोलून काढून घेणार माझ्याकडून सगळं. साखर फेकून दिली.

२२ एप्रिल

जिन्यात समोरून आली. थांबली, काहीतरी म्हणणार होती. मी मोबाईल कानाला लावला. फोन आलाच नव्हता.

१ मे, शुक्रवार. बुद्धपौर्णिमा

सकाळी रिक्षा करून अंबरनाथच्या विहारात गेले. बदलापुरात ओळखीचं कोणी बघेल म्हणून.

वंदना संपली. उठून मागे वळले, तर शेवटच्या रांगेत प्रगती. पांढऱ्या साडीत, हात जोडलेले. एवढ्या लांब कशाला आली, ते तिला विचारावं लागलं नाही.

दोघी बाहेर येऊन चपला घालायला लागलो. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, विचारत राहिले की तू बोलशील. मग मलाही बोलता आलं असतं."

आणि मी तिला सांगितलं होतं, कॉटन बरं पडतं.