आहेराची डिस्क

आई, दादाच्या लग्नाची कॅसेट तयार होत होती तेव्हा शूटिंगवाले आहेराचा भाग कापायला निघाले होते आणि तू त्यांना दारातच अडवलंस. "एक बी माणूस कापायचा न्हाई. आमी पाटावर बसवून मान दिलाय, तुमी कोण उठवणार?" म्हणून ती कॅसेट अजून तीन तासांची आहे, आणि तिच्यात तू फक्त त्या आहेरातच आहेस, टोपी-टॉवेल आणि खणांची ताटं पुढं करताना.

तू गेल्यापासून आबा वेल्ह्याच्या वरच्या वाडीत एकटेच असतात. मोबाईलवरचं त्यांना दिसत नाही, पण टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर चाचपून लावता येतो. तुला बघायचंय म्हणाले, म्हणून नसरापूरच्या दुकानातून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. सगळं लग्न मी एकाच डिस्कमध्ये कोंबलं, शिवाय टीव्हीचा पडदा भरावा म्हणून चित्र ताणून रुंद केलं. आबा टीव्हीला नाक लावून बसले. तू आलीस, तर अंग आडवं पसरलेलं आणि तोंडाचे नुसते चौकोन. "ही कोण बाई?" आबा म्हणाले. "तुझी आई लई बारीक व्हती." मला इतका राग आला की डिस्क काढून तिथंच मोडली.

मग मी हट्टालाच पेटले. कॅसेटचं चित्र मुळात अरुंद, ते तसंच ठेवलं. कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत. तुझा हात हलला की कडांना फणीसारखे दात दिसायचे, म्हणून चित्र ज्या आडव्या ओळींनी बनतं त्यांचा क्रम बदलून पाहिला, तेव्हा ते गेले. दर सेकंदाला चित्राला किती जागा द्यायची, तो आकडा मी आधी बघितलाच नव्हता. तो वाढवला की चेहरा उघडतो, पण डिस्क लवकर भरते. तासाभरापेक्षा जास्त घालायचंच नाही असं ठरवलं आणि तुझं कुंकू स्वच्छ दिसेपर्यंत डिस्का वाया घालवत राहिले.

परवा जमलेली डिस्क आबांना लावून दिली. तू पदर सावरतेस, खण देतेस, आणि कॅमेऱ्याकडे वळून शूटिंगवाल्यांना विचारतेस, "जेवला का न्हाई?"

आबा मागं सरकून खाटेला टेकले. "जेवलो गं," म्हणाले.

हे पत्र काही पोस्टात पडायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. तुझा शब्द राखला, कुणालाच कापलं नाही. फक्त तुझ्या भागाला अख्खी डिस्क दिली आणि बाकीचा सगळा गोतावळा दुसरीत कोंबला. त्यांचे चौकोन झालेत. होऊ देत.