उपाशी बारा बरण्या

३ फेब्रुवारी, सोमवार
पोट भरलेलं असूनही कुणी उपाशी राहू शकतं का? लॅबच्या मॅडमनी आज विचारलं. मी समजल्यासारखी मान डोलावली. या वहीत खरं तेच लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते : उत्तर येत नाही.

प्रश्न पाणपिसवांचा आहे. पाणपिसू म्हणजे तळ्यात टुणटुण उड्या मारणारा, तिळाएवढा प्राणी. खातो शेवाळ. शेवाळाला फॉस्फरस कमी पडला तरी उन्हावर ते वाढतच राहतं. पाणी हिरवंगार, पण शेवाळ आतून पोचट. पिसू ते पोटभर खाते आणि तरी खुरटते. मग ज्यांचं थोड्या फॉस्फरसवर भागतं असे दुसरे प्राणी तळं बळकावतात. मॅडम म्हणतात, तळ्यात कोण नांदणार हे पानात किती वाढलंय यावर ठरत नाही, काय वाढलंय यावर ठरतं.

माझं काम : बारा बरण्यांत कसदार शेवाळ, बारांत पोचट. प्रत्येक बरणीत पाच पिसवा. त्यांची पिल्लं मोजायची.

लॅबमधली माझी असिस्टंटची नोकरी एका वर्षाची. ३१ मार्चला संपते. १७ मार्चला मॅडम ऑफिसात पत्र देणार, माझ्या आकड्यांवर. आकडे नीट आले तर आणखी दोन वर्षं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आईने कामावर सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमची सायंटिस्ट. आता ते परत घेता येत नाही.

संकल्प : रोज साडेसहाला उठणे. उगाच मान न डोलावणे.

४ फेब्रुवारी
सव्वाआठला उठले. संकल्प उद्यापासून.

लॅबमधली काचेची सगळी भांडी धुतात ते काका. साबणाशिवाय! अ‍ॅसिडच्या टबात बुडवायची, दुसऱ्या दिवशी डिस्टिल्ड वॉटरने विसळायची, झालं. मी विचारलं, साबण कुठाय? काका म्हणाले, ताई, इथे साबणाचं नावसुद्धा काढायचं नाही, मॅडमचा नियम. का पण? तर म्हणे, का ते विचारायचा पगार मला मिळत नाही, तुम्हाला मिळतो, तुम्ही विचारा.

विचारलं नाही. एवढंसं काय विचारायचं. पण बरण्यांवर पांढुरके डाग आहेत. माझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत वीस वर्षं चादरी धुते, बाबा तिथेच इस्त्री करतात. रक्ताचे डाग काढणारं घराणं आमचं. धुणं आम्हाला कुणी शिकवू नये.

६ फेब्रुवारी
घरून लाँड्रीची पावडर आणली. पोचट शेवाळ वाढवायचे फ्लास्क आणि त्याच्या बारा, म्हणजे उपाशी, बरण्या घासून काढल्या. तेवढ्यात पावडर संपली, म्हणून कसदार बारा काकांनी धुतल्या तशाच ठेवल्या. एकदाच विसळलं, डिस्टिल्ड वॉटरची उधळपट्टी मला पटत नाही. बरण्या काय चमकतात! काकांना बोलले नाही. त्यांना कमीपणा वाटायला नको. मन मोठं हवं.

१७ फेब्रुवारी
विचित्र. उपाशी बारांतल्या पिसवा खुरटायला तयार नाहीत. पिल्लांची सरासरी : कसदार अकरा, उपाशी दहा.

आमचा सीनियर (पीएचडीचं सातवं वर्ष, आम्ही त्याला आजन्म म्हणतो) बरण्यांत डोकावून म्हणाला, अगं, कुठून तरी फॉस्फरस शिरलाय. मी म्हटलं, झाकण लावलेल्या बरणीत काय तो दार वाजवून शिरणार? तो हसला. सात वर्षांत ज्याचा एक प्रयोग वेळेवर संपला नाही त्याने हसू नये.

१८ फेब्रुवारी, सकाळी
अंघोळ करताना सुचलं. जिद्द! वाईट परिस्थितीतच तेज बाहेर येतं. मी काय वेगळी आहे? ट्यूशन नाही, टेबल नाही, लाँड्रीतल्या गाठोड्यावर बसून अभ्यास केला आणि ग्रॅज्युएट झाले. माझ्या पिसवाही त्यातल्याच.

दुपारी
मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, पिसवांना जिद्द नसते. मी म्हटलं, त्यावर कुणी अभ्यास केलाय का? मॅडम चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. बहुतेक प्रभावित झाल्या. मग म्हणाल्या, प्रयोग परत लाव, आणि पाण्यातला फॉस्फरस मोज.

मोजेन. सध्या मशीनला रांग आहे. (रांगेत एकटा आजन्म आहे, पण त्याचा वेग बघता ती रांगच.)

२१ फेब्रुवारी
ताप. तीन दिवस झोपून आहे. दुसरी फेरी आजन्मने लावली, भांडी काकांनी धुतली. माझ्याशिवाय लॅब चालतेय हे ऐकून ताप वाढला.

४ मार्च
दुसऱ्या फेरीतल्या उपाशी पिसवा खुरटल्या. पिल्लं दोन, फार तर तीन. अगदी पुस्तकात असतं तसं.

कारण उघड आहे. मी नव्हते. मुक्या जिवाला माणूस कळतो. आजन्मला हे सांगितलं तर म्हणाला, पिसवेला डोळा एकच असतो, आणि तोही तुझ्याकडे बघत नाही.

तिसरी फेरी उद्यापासून. सगळं स्वतःच्या हाताने. धुणंसुद्धा, घरच्या पद्धतीने. पावडर एक वाटी आणली आहे.

१३ मार्च, गुरुवार
पिल्लांचं पहिलं वेत मोजलं. उपाशी बारांत या वेळी चक्क अकरा! जिद्द अधिक माया, असा माझा सिद्धांत आता पूर्ण झाला. मॅडम म्हणाल्या, फॉस्फरसचा आकडा आणल्याशिवाय माझ्यासमोर सिद्धांत मांडू नकोस.

१४ मार्च
मोजला. पोचट शेवाळाच्या पाण्यात हवा त्याच्या नऊपट फॉस्फरस. मशीन बिघडलंय.

परत मोजला. परत बिघडलंय.

आजन्मच्या फेरीतलं कसदार पाणी घालून बघितलं. आकडा तंतोतंत. म्हणजे हे मशीन माणूस बघून बिघडतं.

१५ मार्च, शनिवार
जेवताना आईला मशीनची कागाळी सांगत होते. फॉस्फरस म्हटल्यावर आईचा हात थांबला. म्हणाली, फॉस्फेटमधलं तेच ना? ते तर आमच्या पावडरीत असतं, म्हणून तर डाग सुटतात. मागच्या वर्षी लाँड्रीच्या मागचा नाला हिरवा पडला तेव्हा सुपरवायझरने परिपत्रक वाचून दाखवलं, पावडर मोजून घाला, धुवणाचं पाणी नाल्यात सोडू नका, शेवाळ माजतं. तुला कॉलेजात सांगितलं नाही?

बाबा म्हणाले, अगं, तिची डिग्री आहे, तिला पावडरीचं काय विचारतेस.

आईने एकदम विचारलं, तू नेलीस ती पावडर कशाला नेलीस? सांगितलं. तिला हसू आवरेना. म्हणाली, म्हणजे माझ्या पावडरीवर तुझ्या पिसवांनी बाळसं धरलं! सोमवारी लाँड्रीत सगळ्यांना सांगते. मी म्हटलं, आई, नको. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचं हसणं थांबलं. म्हणाली, त्या पत्राचं काय आता?

१६ मार्च, रविवार
शांतपणे विचार केला. काकांनी बघितलं नाही. मशीनचा कागद माझ्याच पर्समध्ये, मॅडमना म्हणता येईल मशीन बिघडलंय. दुसरी फेरी बिघडली ती तापामुळे, असं सगळेच धरून चालतील. पिसवांचं नुकसान काही नाही, उलट चार घास जास्तच मिळाले. आणि दोन वर्षं मिळाली तर मी हाच प्रयोग इतका नीट करीन की विज्ञानाचाच फायदा. म्हणजे गप्प राहणं हे एक प्रकारे विज्ञानासाठीच.

दुपारी परत वाचलं. पटलं.

संध्याकाळी बाबांनी माझा लॅबचा पांढरा कोट इस्त्री केला आणि दाराला टांगला. दोघं त्याच्याकडे बघत बसले होते, कोटात कुणीतरी असल्यासारखे.

परत वाचलं. आता नाही पटत.

१७ मार्च, सोमवार, साडेअकरा
साडेसहाला उठले. झोपच नव्हती, त्यामुळे संकल्पात धरत नाही.

साडेनऊला मॅडमच्या केबिनमध्ये. पत्र टेबलावर तयार होतं, सहीसकट. उलटं दिसत होतं तरी 'मोजणी अचूक' हे शब्द वाचता आले. सगळं सांगितलं, पावडर, चमक, एकदाच विसळणं, मशीनचा कागद. मॅडमनी ओरडायला हवं होतं. त्यांनी फक्त विचारलं, साबण का नको हे मला एकदा तरी विचारलंस का? मी म्हटलं, नाही. पत्र त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं. माझे खरे आकडे यायला दोन आठवडे लागतात आणि ऑफिसची मुदत आज आहे, हे दोघींनाही माहीत होतं.

दाराशी पोचले तर हाक मारून म्हणाल्या, ती दुसरी फेरी मात्र उत्तम आली आहे, तीच अहवालात घेऊ. काकांचं पूर्ण नाव विचारून ये.

विचारून आले. काका म्हणाले, ताई, माझं नाव कशाला, मी काय केलं? मी म्हटलं, काही नाही केलंत काका, म्हणूनच.

मग लॅबचं रजिस्टर काढलं. आजन्म शेजारी येऊन हळूच म्हणाला, तांत्रिक अडचण असं लिही, सगळे तेच लिहितात, मी स्वतः चार वेळा लिहिलंय. चांगला आहे तसा तो. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्या सगळ्या पानांवर लाल रेघ मारली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : धुण्याची पावडर. घालणारी, मी. खाली तारीख घातली आणि सही केली.