तंबाखू घेतली म्हणजे

प्रिय रुही,

पोचले गं सुखरूप. विमानतळावर त्या माणसानं मला चाकाच्या खुर्चीत बसवून असं पळवलं, की शंकरपटातली बैलजोडी मागं पडावी. तुझा बाप घ्यायला आला होता. गाडीत बसल्या बसल्या विचारलं, येणार का ती परत? मी म्हटलं, आधी मला पाणी दे. मग प्लेनोच्या घरापर्यंत मी ते पुलावर पूल मोजत बसले. तुझ्या आईनं, शैलजानं, खिचडी केली होती, चांगली होती. पण तुमच्या मॉन्टानाच्या धुराचा वास माझ्या लुगड्याला होता, तो तिला आला, आणि लुगडं लगेच मशीनमध्ये गेलं. मला विचारलंसुद्धा नाही.

पोरी, तुझ्याकडे राहून मला किती आनंद झालाय तो सांगू कुणाला? इथं ऐकायला कोण बसलंय. म्हणून लिहिते. तू रविवारच्या मराठी शाळेत अक्षरं शिकलीस, मी चौथीपर्यंत गेले, म्हणजे दोघी सारख्याच. चुका काढू नकोस.

शाळा म्हटलं की माझ्यासमोर छडी येते. आणि तू शिकवतेस त्या शाळेत बघते तर पोरं अंगणात हरणाच्या मांसाच्या पट्ट्या कापून काठ्यांवर टांगतायत, खाली धूर केलेला, आणि ती डोरीन म्हातारी, सगळ्यांची कोकुम म्हणजे आजी, खुर्चीतून तिथल्या आदिवासींच्या क्री बोलीत ओरडतेय, जाड कापलं म्हणून. हाच त्यांचा तास, आणि याचेच मार्क. माझी याडी, म्हणजे आई, असंच मांस वाळवायची, तांड्यावर, झोपडीच्या मागं. मला कुणी एक मार्क दिला असता तर! आणि जेवायच्या वेळी पोरं आधी म्हाताऱ्यांची ताटं वाढून आणतात. मला ताट आणून देणाऱ्या पोरीनं तर पाय मुडपून खाली बसून विचारलं, अजून हवं का. इथं मी जेवते तेव्हा सगळे फोनमध्ये असतात. जाऊ दे.

डोरीनचं तू सांगितलंस ते मात्र मनातून जात नाही. लहानपणी सरकारी वसतिगृहात नेलं, वेण्या कापल्या, आपल्या बोलीत बोलली की तोंडात साबण. माझ्या वाट्याला साबण नव्हता, ऊन होतं. भूक लागली म्हणून बाटी मागितली मी, भाकर म्हणायचं सुचलं नाही. गुरुजी म्हणाले, तांड्यावरची चोरांची भाषा शाळेत नको, आणि दुपारभर पटांगणात उभं केलं. चौथीनंतर मी गेलेच नाही. डोरीनला मी हे काही सांगू शकले नाही, तिची बोली मला नाही, माझी तिला नाही. पण ती कातड्यावर मणी शिवत होती ना, तिचा टाका मी ओळखला. आमच्या कांचळीवर, चोळीवर गं, आरसे बसवतात तो टाका, जवळजवळ तोच.

आणि तंबाखूचं! अजून एकटीच हसते. त्या लांब केसांच्या मुलीनं लाल फडक्यात बांधलेली पुरचुंडी माझ्यापुढं धरली, मान खाली घालून. सोडून बघते तर तंबाखू. मला वाटलं, काय रीत आहे या लोकांची, पाहुणीची तलफसुद्धा ओळखतात. कनवटीची चुन्याची डबी काढली, तळहातावर मळली, दोन टाळ्या दिल्या आणि लावली ओठाखाली. मग डोरीन अशी हसली की कवळी हातात धरावी लागली तिला. तेव्हा तू मला कानात सांगितलंस, म्हाताऱ्या माणसाकडून काही शिकायचं तर आधी तंबाखू द्यावी लागते, आणि घेतली म्हणजे शिकवायचं कबूल. मी तर खाऊनच टाकली होती. मग बसले. कांचळीचा टाका दाखवला, आणि हात चालायला लागले तशी जीभही सुटली. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटीत बोलत सुटले. त्या क्री पोरी माझ्यामागून म्हणतायत, याडी, बाटी. पन्नास वर्षांत माझ्यामागून कुणी म्हटलं नव्हतं.

तू दाराशी उभी होतीस. तू एवढंच म्हणालीस, "दादी, मला हे कधी शिकवलं नाहीस." मी उत्तर दिलं नाही. सगळ्यांसमोर काय देणार.

आता देते. तू झालीस तेव्हा मी पहिल्यांदा इथं आले. तुला मांडीवर घेऊन आपल्या बोलीत गात होते. तुझ्या बापानं दार लावून घेतलं आणि म्हणाला, "आई, तिच्यासमोर गोरमाटी नको. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना काय सांगू?" लहानपणी मला याडी म्हणायचा तो. मंडळात आपण नुसते यवतमाळचे आहोत, तांडा कुणाला माहीत नाही. माझी कांचळी इतकी वर्षं बॅगेत आहे. आणि बघ, हे पत्रही मी मराठीत लिहितेय, त्या गुरुजींच्या भाषेत. कारण आपल्या दोघींना मिळून तेवढीच येते.

तुझ्या बापानं मला तुझ्याकडे कशाला पाठवलं माहीत आहे? तुला परत आणायला. दुसऱ्यांची पोरं कशाला शिकवतेस, इथं चांगली नोकरी बघ, असं मी सांगायचं होतं. मी ते तोंडातून काढलंच नाही. काल त्याला म्हटलं, ती येणार नाही आणि मी बोलावणार नाही. आज सकाळी तो माझं तिकीट काढून आला. दिवाळी झाली की पुसदला, भाच्याकडे. परत आणीन म्हणाला नाही. माझे गुडघे बघता मीही विचारलं नाही. म्हणून लिहिते आहे. आपली बोली माझ्याबरोबर विमानात बसून जाईल, पोरी, या घरात ती ठेवून घेणारं कुणी नाही. तू दुसऱ्यांच्या पोरांना मागायची रीत शिकवतेस, मग तूही रीतीनं माग. दिवाळीच्या आत ये. लाल फडक्यात तंबाखू बांधून आण, बापासमोर माझ्यापुढं धर. त्याच्या देखत घेईन मी. आणि चुना माझ्याकडे आहे.

तुझीच वाट बघणारी,
दादी